भाग ३१ : ‘दुखतंय का?’ ‘नाही.’ मग पुढे काय?

(या भागाचं लिखित रूप. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच शेजारच्यांची मोटार सुरू होते, वाडीत पाणी सोडायची वेळ होती. तो आवाज इथे नाही, बाकी जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर दारात उभं राहू नका, आत सरका, मग ऐका.

आजचा विषय माझ्या फिल्डचा नाही, हे आधीच सांगतो. मी बीटेक केलेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. आणि आज बोलणार आहे पेशंटशी बोलावं कसं आणि पेशंटला तपासावं कसं, यावर. मेडिकलची, नर्सिंगची, फिजिओची पोरं हे ऐकत असतील तर त्यांनी हसायला हरकत नाही. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात एक बग माझा आहे. तो बग आमच्या आजीच्या पायापर्यंत गेला. आजीला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, ‘सांग, पण माझं वय सांगू नको.’ नाही सांगत.

तर आमच्या नंदाखालच्या घरात एक भावी डॉक्टर आहे. माझी चुलत बहीण. घरात तिला सगळे बाय म्हणतात. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते, सुट्टीत घरी येते. आणि घरी आली की आम्ही सगळे पेशंट. माझी प्लीहा तिने इतक्या वेळा शोधलीय की विचारू नका. ती सापडत नाही आणि सापडू नये हेच बरं, कारण हाताला लागली म्हणजे ती वाढलेली असते. हे मला तिनेच सांगितलं.

त्यांची प्रॅक्टिकल परीक्षा कशी असते माहितीये का? एक ‘लाँग केस’ असते. एक खराखुरा पेशंट देतात. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं, आणि मग परीक्षकासमोर उभं राहून सगळं मांडायचं. काय होतंय, कधीपासून, आधी काय झालं होतं, घरात कुणाला काय आहे, दारू-तंबाखू, झोप, भूक, बायकांची पाळी. मग तपासणी. डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का, डोळे पिवळे आहेत का, नखं फुगलीत का, मानेत गाठी आहेत का, पायावर सूज आहे का. आणि त्यानंतर छाती, पोट, वगैरे. आधी बघायचं, मग हात लावायचा, मग बोटाने ठोकायचं, मग स्टेथोस्कोप. तो गळ्यातला स्टेथोस्कोप, ज्याच्यासोबत सगळे फोटो काढतात, तो बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो.

ठोकण्यावरून एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून आवाज ऐकतात ना, ते लिहून ठेवणारा पहिला डॉक्टर ऑस्ट्रियाचा, आउएनब्रुगर. १७६१ साली त्याचं पुस्तक आलं. त्याचे वडील खानावळवाले. दारूच्या पिंपावर ठोकलं की कळतं पीप किती भरलंय. पोकळ भागाचा आवाज वेगळा, भरलेल्याचा वेगळा. छातीत पाणी झालं की तसंच. आपल्याकडे नारळ-कलिंगड घेताना प्रत्येक जण हेच करतो. स्टेथोस्कोप त्यानंतरचा, १८१६ मधला, पॅरिसच्या लाएनेकचा. एका बाईच्या छातीला कान लावायला त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली. असो, इतिहास पुरे.

मागच्या मे महिन्याची गोष्ट. बाय फोनवर रडवेली झाली होती. वॉर्डमध्ये पेशंटची हिस्टरी घेताना काहीतरी विचारायचं राहिलं आणि सरांनी सगळ्यांसमोर झापलं. मी म्हटलं, अगं हा तर चेकलिस्टचा प्रॉब्लेम आहे. मी तुला अॅप करून देतो.

आणि दोन वीकेंडमध्ये केलं. एक फॉर्म, मोबाइलवर चालणारा. मुख्य तक्रार निवडा, ड्रॉपडाउन. वेदना आहे का, हो किंवा नाही. ‘हो’ असेल तर कुठे, किती, कधीपासून. ‘नाही’ असेल तर तो अख्खा विभाग गाळायचा आणि सरळ पुढे जायचं. फॉर्म बनवणारा प्रत्येक जण हे करतो. नको ते प्रश्न दाखवायचे नाहीत, माणसाचा वेळ वाचवायचा. मला तर त्या लॉजिकचा अभिमान होता. शेवटी एक बटण, दाबलं की परीक्षकासमोर वाचता येईल असा सारांश तयार.

टेस्टिंगला कोण? आजी. अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिला तेव्हा अशक्तपणा होता, तोंडाला चव नव्हती. शुगर तिला पंधरा वर्षांपासून आहे. मी एकेक प्रश्न विचारला. ‘आजी, कुठे दुखतं?’ ‘नाय रे.’ ताप? नाही. खोकला? नाही. चार मिनिटांत सारांश आला : थकवा, भूक कमी, पूर्वीचा आजार मधुमेह, वेदना नाही. मी स्क्रीनशॉट काढून बायला पाठवला. वर लिहिलं, ‘बघ, चार मिनिटं!’

त्याच सुमारास आजी दोनदा दवाखान्यातही जाऊन आली होती, एकदा माझ्या त्या टेस्टिंगच्या आधी, एकदा नंतर. दोन्ही वेळा शुगर वाढलेली. दोन्ही वेळा गोळीचा डोस वाढवून मिळाला. कुठला दवाखाना ते सांगणार नाही आणि त्यांच्यावर राग काढायला हा भाग करत नाहीये. बाहेर तीस माणसं बसलेली होती. २०१७ साली बीएमजे ओपन या नियतकालिकात जगभरातल्या अशा अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात भारतात डॉक्टर एका पेशंटला साधारण दोन मिनिटं देतात असं होतं. स्वीडनमध्ये बावीस मिनिटांच्या वर. दोन मिनिटांत रिपोर्ट बघून होतो, गोळी लिहून होते. चप्पल काढा, मोजे काढा, पाय वर घ्या, एवढं होत नाही.

मेच्या शेवटी बाय घरी आली. अॅप तिने उघडलं, दोन मिनिटं बघितलं, म्हणाली, ‘दादा, छान आहे रे, पण हे तू मला परीक्षेत वापरू देणारेस का?’ आणि फोन बाजूला ठेवला. आजीशेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘आजी, सांग गं, कशी आहेस?’

एवढंच. आणि मग गप्प बसली.

मी समोर होतो. मला ती शांतता सहन होईना, खरंच सांगतो. आजीने सुरू केलं आणि काय काय सांगितलं! केळीच्या घडांना भाव नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही घरी देऊळच म्हणतो, तिथे कोण कोण भेटलं. पप्पा पाणी वेळेवर सोडत नाहीत. शेजारणीच्या सुनेचं काय. मी मनात म्हणतोय, बाय, थांबव आता हिला, तुझा वेळ संपला. आणि मग आजी हसत हसत म्हणाली, ‘परवा गंमतच झाली. वाडीतून येताना चप्पल कुठे निघून गेली मला कळलंच नाही. फाटकापर्यंत एका पायाने अनवाणी आले. ती पोरं हसायला लागली तेव्हा कळलं.’

मी पण हसलो. बाय हसली नाही. तिने विचारलं, ‘असं आधी झालंय?’ ‘झालंय की दोन-तीनदा.’

बायने आजीचा पाय मांडीवर घेतला. आजी ओशाळली, ‘अगं पायाला काय हात लावतेस.’ घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून सूज बघितली. तळवा बघितला. मग एकेक बोट बाजूला करून मधली जागा. उजव्या पायाच्या करंगळीच्या आतल्या बाजूला जखम होती. पांढरी, ओली, आणि वास येत होता. किती दिवसांची, कुणालाच माहीत नाही. आजीला तिथे ओलसर लागलं होतं, तिने हळद लावली होती. ‘सांगितलं का नाहीस?’ तर आजीचं उत्तर ऐका, ‘दुखत नाय तर काय सांगायचं? आणि कोणी विचारलं?’

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. काटा टोचला, चपलेत खडा गेला, कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, आणि शुगरवाला माणूस असं सांगायला लागला की डॉक्टरचे कान टवकारले पाहिजेत, असं बाय म्हणते. त्यात जखम झाली आणि तिच्यात पू झाला की रक्तातली साखर आणखी वाढते, माणूस गळून जातो, खावंसं वाटत नाही. म्हणजे वाढलेली शुगर हे जखमेचं लक्षण होतं, आणि सगळे शुगरच्याच मागे लागले होते. तपासायला फार काही लागत नाही. नायलॉनचा एक जाड धागा असतो, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. पेशंटने डोळे मिटायचे, धागा तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा. जाणवलं की पेशंटने ‘हो’ म्हणायचं. नंतर हॉस्पिटलमध्ये आजीची ही तपासणी झाली तेव्हा मी हजर होतो. अंगठ्याखाली धागा वाकला. आजी गप्प. दुसऱ्या जागी वाकला. गप्प. मी तिथे उभा होतो आणि मला तो माझा फॉर्म दिसत होता : वेदना, नाही, पुढे चला.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला. सर्जनने सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर एका बोटावर भागलं नसतं.

यावर मी बराच काळ काही केलं नाही. लॅपटॉप उघडला की तो फोल्डर दिसायचा. मग वाचायला लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही. आणि वाचताना कळलं की माझ्या चुकीला फार जुनी परंपरा आहे.

१९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटची ७४ संभाषणं टेप करून मोजली. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी किती वेळाने मध्ये बोलतो? १८ सेकंद. आपलं म्हणणं पूर्ण करता आलेले पेशंट चारात एकही नव्हता. आमच्या आजीची चप्पल १८ सेकंदांत कुठे येणार? त्या वेळेत ती केळीच्या भावापर्यंत पण पोचली नव्हती.

दुसरा एक अभ्यास इंग्लंडचा, १९७५ चा. ओपीडीत नव्याने आलेले ८० पेशंट. शेवटी जे निदान ठरलं, ते ६६ जणांच्या बाबतीत नुसती चिठ्ठी वाचून आणि पेशंटशी बोलूनच डॉक्टरच्या मनात आलेलं होतं. तपासणीने ७ जणांचं बदललं, लॅबच्या टेस्टने आणखी ७ जणांचं. आपण एमआरआय काढला की काहीतरी झालं असं समजणारी माणसं आहोत, त्यामुळे हा आकडा दोनदा वाचला मी. अर्थात तेव्हा आजच्यासारख्या टेस्ट नव्हत्या, हेही खरं. पण आजीच्या बाबतीत लॅबचा रिपोर्ट पहिल्यापासून हातात होता.

आणि हे फक्त तिकडचं नाही. मुंबई आणि पाटण्यात एक मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. माणसांना टीबीच्या पेशंटचं काम करायला शिकवलं, आणि खाजगी डॉक्टरांकडे पाठवलं. समोरचा पेशंट खोटा आहे हे डॉक्टरला त्या वेळी माहीत नाही. दोन-तीन आठवड्यांचा खोकला, ताप, अशी कहाणी. २६०० हून जास्त भेटी झाल्या. त्यातल्या साधारण ३५ टक्केच ठिकाणी योग्य ते केलं गेलं. आपल्या मुंबईत, जिथे टीबी प्रत्येक चाळीत माहीत आहे. असे शिकवून तयार केलेले पेशंट मुळात शिकवण्यासाठीच निघाले, १९६३ साली अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज नावाच्या डॉक्टरने सुरू केलं. म्हणजे मी बायचा पेशंट होतो ते काही येरागबाळ्याचं काम नव्हतं.

पण सगळ्यात जास्त मी थांबलो ते गडचिरोलीपाशी. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग. नाव ऐकलं असेलच, सर्च संस्था. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगातला काही ना काही आजार निघाला. आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. आणि तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के. म्हणजे बाकीच्यांना विचारलं असतं, तर त्या माझ्या आजीसारखंच म्हणाल्या असत्या, काही नाही. आजार आहे, पण तो त्यांच्या लेखी सांगण्यासारखी गोष्ट नाही, बाईच्या जातीला असतंच. अशा ठिकाणी हो-नाहीचा फॉर्म घेऊन गेलात तर सगळं गाव निरोगी निघेल.

त्याच गडचिरोलीतली दुसरी गोष्ट, ही इंजिनियर लोकांनी नीट ऐका. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त म्हणजे धोका, त्यापुढे वर्षापर्यंत ५०. आता दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? बंग यांनी एक साधं यंत्र केलं. वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. बॅटरी नाही, लॉगिन नाही. मी माझं अॅप आठवलं आणि मुकाट्याने चहा करायला गेलो.

भाषेबद्दल बोलायचंय, कारण तिथे बायची खरी गंमत होते. तिच्या बॅचला राजस्थानची, केरळची पोरं आहेत. २०१९ पासून एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात संवाद शिकवायचा वेगळा भाग आहे, एटकॉम म्हणतात त्याला, आणि सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषापण. चांगलंच आहे. पण ती पोरं ‘दुखणे’ शिकून वॉर्डात जातात आणि पेशंट ‘दुखणे’ म्हणतच नाही! पेशंट म्हणतो कळ येते. ठणकतंय. सणक जाते. चमक भरली. मुरडा मारतो. आग होते. चुरचुरतं. हे सगळे वेगवेगळे आजार असू शकतात. ठणकतं म्हणजे बहुतेक पू धरलाय. मुरडा आतड्याचा. लघवीला चुरचुरतं ते वेगळं. इंग्रजी पुस्तकात वेदनेचा प्रकार विचारा म्हणून एक ओळ असते, आणि आपल्या मावशीने तो प्रकार क्रियापदातच सांगून टाकलेला असतो. तो कागदावर ‘पेन’ म्हणून लिहिला की गेला. आणि ‘गॅस झालाय’ हा तर वेगळाच प्रकार. छातीत जड वाटलं तरी गॅस, पोट फुगलं तरी गॅस, पाठीत धरलं तरी गॅस. बाय म्हणते, गॅस ऐकला की मी पेशंटला म्हणते, बोटाने दाखवा कुठे. बोटाऐवजी अख्खी मूठ छातीवर ठेवली तर आधी ईसीजी.

आमच्याकडे त्याच्यावर कादोडी. आजी बाहेरच्यांशी मराठी बोलते, पण ती पाहुण्यांसाठीची मराठी. त्यात ती फक्त ‘बरं आहे’ एवढंच म्हणते. चपलेची गोष्ट तिने कादोडीत सांगितली होती, मी तुम्हाला मराठीत सांगितली. दवाखान्यात ती गोष्ट आलीच नसती, वेळ मिळाला असता तरी. पालघर जिल्ह्यात वारली आहे, कातकरी आहे, आगरी आहे, वाडवळी आहे. वर डहाणू-जव्हारकडून येणारा पेशंट मोठ्या हॉस्पिटलात गप्प असतो, तेव्हा त्याला सांगायचं नसतं असं नाही.

आता तपासणीबद्दल दोन-तीन बारीक गोष्टी, बायकडून उचललेल्या. हात गरम करून लावायचा, थंड हात लागला की पोट कडक होतं आणि मग काही कळत नाही. पोट दाबताना पोटाकडे बघायचं नाही, चेहऱ्याकडे बघायचं. जिथे दुखतं म्हणतो तिथे शेवटी जायचं. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कळलं की तो श्वास बदलतो. नाडी धरून ठेवायची, त्याला वाटतं नाडी मोजतायत, आणि आपण छाती बघायची. ही शेवटची मला फार आवडली. आणि पाय बघायला लाजायचं नाही, आणि पेशंटला लाजू द्यायचं नाही. आजीने पाय मागे ओढला होता, आठवतंय ना? वयाने लहान मुलीने, तेही नातीने, आपल्या पायाला हात लावणं तिला बरोबर वाटेना. बायने पाय सोडला नाही, नुसतं म्हणाली, ‘आजी, माझी परीक्षा आहे गं.’ मग आजीने दोन्ही पाय दिले.

अॅपचं काय झालं, हे खूप जणांनी मेसेजमध्ये विचारलंय. ते मी अजून पूर्ण मोडलेलं नाही. ‘वेदना नाही’ नंतर उडी मारणारं लॉजिक काढून टाकलं. शुगर असेल तर काहीही उत्तर दिलं तरी ‘दोन्ही पाय, बोटांच्या मधे’ हा रकाना येतोच, आणि स्वतः बघितल्याशिवाय तो भरता येत नाही. आणि पहिल्या स्क्रीनवर आता काहीच नाही. कोरा स्क्रीन, दोन मिनिटांचं घड्याळ, ते संपेपर्यंत पुढचं बटण चालत नाही. बायच्या दोन मैत्रिणींनी वापरून बघितलं आणि म्हणाल्या, दोन मिनिटं फार होतात, जरा कमी करा. मी केलेली नाहीत.

बायची प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहे. आजी रोज संध्याकाळी तिची केस होते, व्हिडिओ कॉलवर. नऊ बोटांचे पाय स्टुलावर ठेवून बसते, मी फोन धरतो. काल बायने विचारलं, ‘आजी, काय त्रास होतोय?’ तर आजी म्हणाली, ‘आधी तू सांग, जेवलीस का?’

तुमच्या घरी, तुमच्या गावच्या बोलीत पोटात दुखण्याला, बधिर होण्याला, चक्कर येण्याला काय म्हणतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. वाडवळीतले, आगरीतले, वारलीतले शब्द खास हवेत. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल, तालुका सांगा. बायच्या बॅचसाठी यादी करतोय. आणि घरात शुगरवालं कुणी असेल तर आज झोपायच्या आधी त्यांचे पाय उजेडात घेऊन बघा, बोटांच्या मधे पण.

चला, मोटार बंद झाली, म्हणजे पप्पा आत आले. भेटू पुढच्या रविवारी.